नऊ दिवस घर बंद, मधे वीज गेलेली. फ्रीजरमधलं काय ठेवू, काय फेकू?

दिवेलागण

मंडळी, मदत हवी आहे आणि जरा घाईत हवी आहे.

नऊ दिवस बाहेर होतो. काल रात्री घरात शिरलो तर मायक्रोवेव्हचं घड्याळ 00:00 दाखवत लुकलुकत होतं, म्हणजे मधे कधीतरी वीज गेली होती. फ्रीज उघडला, गारेगार. फ्रीजर उघडला, सगळं दगडासारखं घट्ट. "बघ, काही झालेलं नाही" म्हणून नवरा अंघोळीला गेला. मी पाण्यात घालायला बर्फ काढायला गेले आणि तिथेच थबकले. जाताना ट्रेमधले खडे डब्यात भरून ठेवले होते. आता डब्यात खडे नाहीतच, डब्याच्या मापाची एकच लादी आहे, वरून आरशासारखी सपाट. मटारचं पाकीट म्हणजे वीट झालीय. आइस्क्रीम निम्म्यावर बसलंय आणि वर काचेसारखा थर.

डावीकडचे शेजारी म्हणतात, एक रात्रच गेली होती. उजवीकडचे म्हणतात, छे, चांगले दीड-दोन दिवस. दोघेही ठाम.

फ्रीजरमध्ये आहे: चिकन, मासे, मटार, ब्रेड, लोणी, शिजवून ठेवलेला टोमॅटोचा रस, आइस्क्रीम. खाली: दूध, अंडी, दही, चीज, जॅम, लोणचं आणि डबाभर भात (हो, जाताना विसरला, त्यावर बोलू नका).

नवऱ्याचं म्हणणं, आता घट्ट आहे ना, मग झालं. माझं म्हणणं, मधे काय होऊन गेलं ते कोण सांगणार?

मंदगती

आधी ढोबळ हिशेब. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या सूचनेनुसार दार उघडलं नाही तर खालचा फ्रीज साधारण 4 तास सुरक्षित गार राहतो. ठासून भरलेला फ्रीजर 48 तास, अर्धा भरलेला 24 तास. लवकर नासणारा पदार्थ 4 अंश सेल्सियसच्या वर 2 तासांपेक्षा जास्त राहिला तर टाकून द्यायचा. आणि बर्फाचे कण अजून दिसत असतील, किंवा पदार्थ 4 अंशांच्या आत असेल, तर पुन्हा गोठवायला हरकत नाही.

तुमची अडचण अशी की हे सगळे नियम वीज जाताना घरी असलेल्या माणसासाठी आहेत.

उपाशी_बोका

आइस्क्रीमचं काय करायचं हा प्रश्न असेल तर पत्ता कळवा. बाकी चर्चा सावकाश चालू द्या.

दिवेलागण

@मंदगती, तेच ना. फ्रीजर अर्धाच भरलेला होता. डावीकडच्यांचं खरं मानलं तर फ्रीजरमधलं सगळं ठीक, उजवीकडच्यांचं मानलं तर सगळं बाद.

जुनी_खोड

हल्लीच्या लोकांचा नाकावरून विश्वास उडालाय. आमच्या लहानपणी घरात फ्रीज नव्हताच. आई झाकण उघडायची, वास घ्यायची, जिभेच्या टोकाला लावून बघायची, शंका आली तर खळखळून उकळायची. कोणी मेलं नाही. दिवेलागण, चिकन बाहेर काढ, वास घे, चांगलं असेल तर नीट शिजव आणि खा. अन्न टाकवत नाही गं माझ्याच्याने.

सूक्ष्मदर्शी

जुनी_खोड, तुमच्याबद्दल आदर आहे, पण या प्रतिसादावर गप्प बसवत नाही. प्रयोगशाळेत रोज हेच जंतू वाढवते (मुद्दाम!), म्हणून जरा लांबण लावते.

अन्नात दोन टोळ्या असतात. एक नासवणारी: वास, बुळबुळीतपणा, आंबटपणा ही तिची करणी. ही टोळी उपद्रवी असली तरी प्रामाणिक, आल्याची वर्दी देते. दुसरी आजारी पाडणारी: साल्मोनेला, स्टॅफिलोकॉकस, लिस्टेरिया वगैरे. यांची संख्या धोक्याच्या पातळीला पोचली तरी अन्नाचा रंग, वास, चव जशीच्या तशी असू शकते. म्हणजे नाक फक्त पहिल्या टोळीचा पहारेकरी आहे. आणि जीभ लावून बघणं म्हणजे विषाची परीक्षा, शब्दशः.

वेग बघा. मनासारखी ऊब मिळाली तर काही जंतू 20 मिनिटांत दुप्पट होतात. 4 तासांत 12 वेळा दुप्पट, एकाचे 4096. सुरुवात मात्र एकापासून कधीच होत नसते.

आता उकळण्याबद्दल. उकळल्यावर जंतू मरतात, खरंय. पण स्टॅफिलोकॉकस ऑरियस अन्नात जे विष सोडून ठेवतो ते उकळूनही टिकतं. भातातला बॅसिलस सेरियस त्याहून चिवट: त्याचे बीजाणू शिजवताना वाचतात, भात कोमट राहिला की उगवतात, आणि त्याचं उलट्या करवणारं विष प्रेशर कुकरलाही भीक घालत नाही. माशांचं आणखी वेगळं. बांगडा, ट्यूना अशा जातींत ऊब मिळाली की हिस्टामीन नावाचं अपायकारक द्रव्य तयार होतं, तेही शिजवून जात नाही. चोर पळाला तरी त्याने पेरलेला सुरुंग तिथेच.

याचं ठळक उदाहरण जपानचं. 31 मार्च 2000 रोजी होक्काइडोमधल्या स्नो ब्रँड या दूध कंपनीच्या कारखान्यात सुमारे 3 तास वीज गेली. दूध यंत्रात कोमट अवस्थेत पडून राहिलं आणि त्यात स्टॅफिलोकॉकस वाढला. नंतर ते दूध तापवून त्याची भुकटी केली, त्यात स्टॅफिलोकॉकस मेला. विष मात्र होतं तिथेच होतं. त्या उन्हाळ्यात ओसाका भागात 13 हजारांहून जास्त लोक आजारी पडले. सुरुवात झाली ती तीन तास वीज गेल्यापासून.

पॉपकॉर्नवाला

मी बसलोय. चालू द्या.

जुनी_खोड

जपानचं माहीत नव्हतं. बरं, मानलं. पण मग आम्ही कसे जगलो ते सांगा.

सूक्ष्मदर्शी

कारण तुमच्या घरी फ्रीज नव्हता! टोमणा नाही मारत. फ्रीज नसलेल्या घरात अन्न लागेल तेवढंच शिजायचं आणि त्याच दिवशी संपायचं. मासे आणले की तासाभरात चुलीवर. जास्तीचं असेल ते खारवायचं, वाळवायचं, आंबवायचं. तुमच्या आईचं नाक चांगलं होतंच, पण तिचं वेळेचं भान त्याहून चांगलं होतं. नऊ दिवस जुनं चिकन हुंगायची वेळ तिच्यावर कधी आलीच नसणार.

जुनी_खोड

हे मात्र खरं. उरलं तर रात्रीच आजूबाजूला वाटून टाकायची ती. चला, माघार. अर्धी.

दीड_शहाणा

सूक्ष्मदर्शी, उत्तम प्रतिसाद. आता थोडं उष्णतेचं.

फ्रीजर वीज नसताना गार राहतो तो आतल्या हवेमुळे नाही, आतल्या मालामुळे. 1 किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढ्या उष्णतेत तेच 1 किलो पाणी 0 वरून 80 अंशांपर्यंत तापेल. म्हणून बर्फ असेपर्यंत तापमान शून्याच्या आसपास रेंगाळत राहतं आणि बर्फ संपला की भरभर चढतं. अर्धा फ्रीजर भरलेल्याच्या निम्मे तास टिकतो, यामागे हेच गणित.

म्हणून रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या भरून गोठवून ठेवा. काठोकाठ भरू नका, बर्फ फुगतो. वीज जाणार अशी सूचना असेल तर आदल्या दिवशीच. शिवाय पाकिटं एकमेकांना चिकटवून रचा, म्हणजे एकमेकांना थंडी देतात. वरून झाकण असलेला आडवा फ्रीजर उभ्यापेक्षा यात सरस, कारण उघडला तरी गार हवा जड असल्याने आतच बसते. उभ्याचं दार उघडलं की ती पायांवर येते, हिवाळ्यात अनुभव घेतला असेलच.

चिंगीची_आई

"दार उघडू नका" हे वाक्य लिहायला सोपं आहे. आमच्याकडे मागे संध्याकाळी वीज गेली. मी बजावून सांगितलं, फ्रीज उघडायचा नाही. अर्ध्या तासाने स्वयंपाकघरात खुडबूड. बघते तर सासरे टॉर्च घेऊन फ्रीजमध्ये डोकावतायत. म्हटलं, काय हवंय? म्हणाले, "काही नको, गार आहे का बघतोय." त्यांच्यानंतर नवरा. त्याच्यानंतर चिंगी, कारण आजोबांनी बघितलं. तिघांनी मिळून फ्रीज गार आहे याची इतकी खात्री केली की तो गार राहिला नाही.

आता वीज गेली की दाराला चिकटपट्टी लावते आणि वर वेळ लिहिते. चिकटपट्टीपेक्षा ती वेळ जास्त उपयोगी पडते, नंतर "कधी गेली होती गं?" यावरून भांडण होत नाही.

उपाशी_बोका

सासऱ्यांशी सहमत. मी वीज असतानाही दर अर्ध्या तासाने खात्री करतो.

निळा_बंब

नाण्याची युक्ती अजून कोणी कशी सांगितली नाही? वाटीत पाणी गोठवायचं, वर एक नाणं ठेवायचं आणि वाटी फ्रीजरमध्ये सोडून गावाला जायचं. परत आल्यावर नाणं वरच असेल तर मजा करा. तळाला गेलं असेल तर सगळं वितळून पुन्हा गोठलंय. दिवेलागण यांच्या बर्फाच्या लादीने तेच सांगितलंय, फुकटात.

मंदगती

नाण्याची युक्ती चांगली, पण लोक तिच्याकडून भलत्या अपेक्षा करतात. नाणं तळाला गेलं म्हणजे वाटीतला बर्फ वितळला, एवढंच. त्यानंतर मांस 2 अंशांवर तासभर होतं की 20 अंशांवर दिवसभर, हे नाण्याला कळत नाही. उलट बाजूनेही गोची आहे. वाटी अगदी मागच्या कोपऱ्यात असेल तर तिथला बर्फ टिकेल आणि दाराजवळचा माल कोमट होऊन जाईल. नाणं बुडालं तर शंका घ्यायला कारण मिळतं, तरंगलं म्हणून अभय मिळत नाही.

खरं उत्तर थर्मामीटर. एक खाली मधल्या फळीवर, एक फ्रीजरमध्ये. खाली 4 किंवा कमी, वर उणे 18. नीचांक-उच्चांक लक्षात ठेवणारा डिजिटल मिळाला तर घरी नसताना पारा कुठवर चढला तेही कळतं.

निळा_बंब

थर्मामीटर विकत आणावा लागतो हो. नाणं खिशात असतं.

उपाशी_बोका

आमच्याकडे नाणं ना वर सापडलं ना तळाला. बायको म्हणते भाजीवाल्याला सुटे द्यायला काढलं.

साखरझोप

जरा अवांतर, पण महत्त्वाचं. माझं इन्शुलिन फ्रीजमध्ये असतं आणि पहिल्यांदा रात्रभर वीज गेली तेव्हा मी रडकुंडीला आले होते. नंतर कळलं की अन्नाचा नियम औषधांना लागू नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाची आणीबाणीसाठीची सूचना अशी की कंपनीच्या मूळ बाटलीतलं किंवा कार्ट्रिजमधलं इन्शुलिन 15 ते 30 अंशांत 28 दिवसांपर्यंत बाहेर राहिलं तरी काम करतं. गोठलं तर मात्र वाया. घाबरून ते थेट बर्फावर ठेवणं हीच मोठी चूक, आणि मी नेमकं तेच केलं होतं. आपल्या औषधाचं पत्रक वाचून ठेवा, डॉक्टरांना किंवा औषध दुकानदाराला आधीच विचारून ठेवा.

चिंगीची_आई

धन्यवाद साखरझोप. हे अजिबात अवांतर नाही.

दीड_शहाणा

कोरड्या बर्फाबद्दल कोणी विचारायच्या आत सांगतो: मिळाला तर उत्तम चालतो, उणे 78.5 अंश. पण तो वितळत नाही, थेट कार्बन डायऑक्साइड होऊन उडतो. बंद खोलीत जीव गुदमरू शकतो. खिडकी उघडी ठेवा, उघड्या हाताने धरू नका.

पाचवी_फळी

अंड्यांचा विषय काढते. अंडी तर दुकानात बाहेरच असतात की, मग फ्रीज बंद पडला म्हणून टाकायची कशाला?

सूक्ष्मदर्शी

अंडी कुठून आली यावर अवलंबून आहे. अमेरिकेत विक्रीची अंडी धुतलेली असतात, धुताना कवचावरचा नैसर्गिक लेप जातो, म्हणून तिथे ती पुढे थंडच ठेवतात. युरोपीय संघात सहसा धुत नाहीत आणि ती दुकानात बाहेर असतात. पण एकदा फ्रीजमध्ये ठेवलेलं अंडं बाहेर आलं की कवचावर पाणी धरतं आणि त्या ओलाव्याबरोबर जंतू छिद्रांतून आत शिरू शकतात. म्हणून एकदा गार केलं की गारच ठेवायचं. दिवेलागण यांची अंडी किती तास कोमट होती ते माहीत नाही, मी ठेवणार नाही.

पाचवी_फळी

पटलं. अर्धा डझन गेली म्हणायची.

दिवेलागण

सगळं वाचलं. पण अजून माझा मूळ प्रश्न तिथेच आहे हो. वेळ माहीत नाही, थर्मामीटर नव्हता. माल आहे आणि दोन शेजारी आहेत. नवरा म्हणतो, बर्फाचे खडे आपोआपही चिकटतात, आपण उगाच घाबरतोय.

दीड_शहाणा

नवऱ्याच्या बोलण्यात तथ्य आहे. आपोआप बर्फ काढणाऱ्या फ्रीजरमध्ये दिवसातून कधीतरी हीटर चालू होतो, त्याने खडे एकमेकांना चिकटतात. पण तेव्हा खड्यांचे आकार ओळखू येतात, नुसते चिकटलेले असतात. तुम्ही लिहिलंत "आरशासारखी सपाट". ते पाणी होऊन पसरल्याशिवाय होत नाही.

सूक्ष्मदर्शी

बरोबर. आता शेजाऱ्यांना सोडा, फ्रीजरचीच उलटतपासणी घ्या. चिकनचं पाकीट हलवून त्याच्या खाली बघा. लालसर बर्फ दिसतोय? पाकिटातून रस गळून खाली गोठलेला? मांस पुरतं सुटल्याशिवाय रस असा वाहत नाही. मासे कुठल्या कोपऱ्यात, पाकीट गोठताना होतं तसंच आहे की लोळागोळा होऊन नव्या आकारात? ब्रेड कुठे होता? त्यावर ते गळलेलं पाणी पडलंय का? बघून सांगा.

पॉपकॉर्नवाला

गुन्हे शाखा.

दिवेलागण

बघितलं.

चिकनच्या खाली हातभर लांब गुलाबी बर्फ. ओघळ मागच्या भिंतीपर्यंत गेलाय. मासे सरळ पाकिटात होते, आता कोपऱ्याला धरून वाकलेले, कोपऱ्याच्या आकाराचे. ब्रेड वरच्या कप्प्यात, कोरडा. लोणी वेष्टनात, जसंच्या तसं. टोमॅटोच्या रसाचा डबा कलंडलेला आणि झाकणावर लाल गोठलेला थर.

नवऱ्यालाही दाखवलं. तो म्हणाला, "हं."

सूक्ष्मदर्शी

मग हिशेब लागला. चिकन, मासे, आइस्क्रीम, टोमॅटोचा रस: बाहेर. आइस्क्रीमला हळहळू नका, ते दूध-साखरेचं मिश्रण आहे, जंतूंना मेजवानीच. मटार कच्चे आहेत, त्यामुळे मांसाइतका धोका नाही, पण किती वेळ सुटलेले होते ते माहीत नाही आणि ते चिकनच्याच कप्प्यात असतील तर विचारूच नका. खालचं दूध, अंडी, दही, भात: बाहेर. भाताचा डबा हुंगू नका, झाकणासकट टाका. चीज कडक असेल तर राहू द्या, मऊ असेल तर टाका. लोणी, जॅम, लोणचं, ब्रेड ठेवा. आंबट, गोड, खारट किंवा कोरड्या गोष्टींत जंतूंना थारा कमी.

जुनी_खोड

दह्याला तरी सोडा की. ते तर आधीच आंबलेलं.

सूक्ष्मदर्शी

घरी असता आणि चार-सहा तासांचाच प्रश्न असता तर आंबट दह्याबद्दल मी तुमच्याशी भांडले नसते. इथे वेळच माहीत नाही. बाजारच्या दह्याबद्दलही सूचना हीच असते.

जुनी_खोड

बरं बाई.

मंदगती

"कोणी मेलं नाही" या मुद्द्यावर एक राहिलं होतं. ऑगस्ट 2003 मध्ये अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडात सुमारे 5 कोटी लोकांची वीज गेली. त्यानंतरच्या दिवसांत न्यूयॉर्क शहरात जुलाबाचे रुग्ण वाढल्याचं आरोग्य खात्याच्या नजरेस आलं. तपासात संबंध लागला तो वीज गेल्यानंतर खाल्लेल्या मांस-मासळीशी. घरोघरी लोकांनी "टाकण्यापेक्षा खाऊन संपवू" म्हटलं असणार, असा माझा आपला तर्क.

निळा_बंब

आमच्याकडे नेहमी हेच होतं. वीज गेली की घरात एकदम मेजवानी. पहिल्या तीन-चार तासांत ती ठीकच म्हणा. दुसऱ्या दिवशीची मेजवानी वाईट.

पाचवी_फळी

दिवेलागण, टाकून झालं की फ्रीज बंद करून पुसा. गरम पाणी आणि साबण, मग खायच्या सोड्याचं पाणी. दाराच्या रबराच्या घड्या विसरू नका, ओघळ तिथे साचतो. आणि फ्रीजच्या मागे खाली एक पसरट ट्रे असतो, तोही बघा. मला हा ट्रे असतो हेच सात वर्षं माहीत नव्हतं. महिनाभर घरात मेलेला उंदीर शोधत होतो. नंतर एक-दोन दिवस दार किलकिलं ठेवा, आत वाटीत कॉफीची पूड.

दीड_शहाणा

आणि पुन्हा चालू करताना बटण लगेच चालू-बंद करू नका. कॉम्प्रेसरला आतला दाब समतोल व्हायला चार-पाच मिनिटं लागतात. चालू केल्यावर लगेच ठासून भरू नका, आधी आत 4 अंश होऊ दे.

दिवेलागण

झालं सगळं. दोन पिशव्या भरल्या. घट्ट बांधून बाहेर नेताना उजवीकडचे भेटले, पिशव्या बघून म्हणाले, "मी सांगत होतो ना, दोन दिवस!" डावीकडचे अजून एका रात्रीवरच आहेत. त्यांना विचारलं, तुमच्या फ्रीजमधलं काय केलंत? तर म्हणाले, आमचा फ्रीज त्या आठवड्यात रिकामाच होता.

मागचा ट्रे बघितला. @पाचवी_फळी, तुमच्या त्या उंदराचा सख्खा भाऊ आमच्याकडे राहत होता.

रात्री ब्रेड भाजून जॅम लावून खाल्ला. थर्मामीटर मागवलाय. तोवर वाटीत नाणं ठेवलंय, आणि नवऱ्याने स्वतःहून दारावर कागद चिकटवलाय: "वीज गेली: ______ वाजता. उघडू नये." त्याखाली बारीक अक्षरात: "गार आहे."

चिंगीची_आई

हा कागद सासऱ्यांना दाखवते.

उपाशी_बोका

म्हणजे आइस्क्रीम खरंच टाकलं?